छप्पर नवं, धुराडं जायबंदी

मेटाचन, हायलँड पार्क, एडिसनचा जुना भाग. मध्य न्यू जर्सीतल्या या गावांमध्ये शंभरीकडे झुकलेली घरं पुष्कळ आहेत आणि ती विकत घेणाऱ्यांत मराठी कुटुंबंही पुष्कळ. घर ताब्यात आलं की कामं निघतात. छप्पर बदलायचं, खिडक्या बदलायच्या, तळघरात आईवडिलांसाठी खोली काढायची, स्वयंपाकघराची भिंत पाडून ते मोकळं करायचं. या प्रत्येक कामात छपरातून वर आलेल्या विटांच्या धुराड्याला कुठे ना कुठे धक्का लागतो. तो कोटेशनमध्ये नसतो, बिलातही नसतो. दोन-तीन हिवाळे गेले आणि भिंतीवर ओल उमटली की मग कळतो. तोवर कंत्राटदाराचा फोन लागेनासा झालेला असतो.

मूळचे सातारा जिल्ह्यातले, सिव्हिलचा डिप्लोमा केलेले एक गृहस्थ गेली वीसेक वर्षं याच पट्ट्यात धुराडी तपासण्याचं आणि दुरुस्त करण्याचं काम करतात. एका इटालियन वंशाच्या वयस्कर गवंड्याच्या हाताखाली ते हे काम शिकले. काजळी काढणं हा त्यांच्या धंद्याचा दर्शनी भाग. निम्म्याहून अधिक वेळ मात्र दुसऱ्यांनी केलेली मोडतोड निस्तरण्यात जातो. तरीही कंत्राटदार लबाड असतात असं ते सरसकट म्हणत नाहीत. त्यांचं म्हणणं असं, की छप्परवाल्याला छप्पर दिसतं, खिडकीवाल्याला खिडकी दिसते, बॉयलरवाल्याला बॉयलर दिसतो. धुराडं या तिघांच्या कामामधून वर जातं आणि तिघांपैकी कुणाच्याच जबाबदारीत येत नाही.

‘आम्ही फायरप्लेस पेटवतच नाही, मग धुराड्याची काळजी कशाला?’ हे वाक्य त्यांना जवळपास प्रत्येक घरात ऐकायला मिळतं. अशा घरांमध्ये तळघरातला गॅसचा बॉयलर आणि पाणी तापवायची टाकी बारा महिने त्याच धुराड्यातून जळलेला वायू बाहेर सोडत असतात. बाहेरून दिसतात त्या विटा. आत भाजलेल्या मातीच्या नळ्यांचं अस्तर असतं, एकावर एक बसवलेलं. गरम वायू हलका असल्यामुळे आपोआप वर जातो. कुठलाही पंखा नाही, मोटर नाही. हे चालायचं तर आतली नळी मोकळी हवी, उबदार हवी आणि तिच्या मापाला साजेसा वायू तिच्यातून जायला हवा. यातलं एक जरी बिघडलं तरी वायू रेंगाळतो, गार होतो, त्यातली वाफ पाणी होऊन आतल्या भिंतींवर बसते. अगदीच बिघडलं तर तो उलटा घरात येतो.

छपरापासून सुरुवात करू, कारण सर्वाधिक नुकसान तिथे होतं. धुराडं छपराला जिथे भेटतं तिथे पत्र्याचे दोन थर असावे लागतात. पहिल्या थराचे छोटे काटकोनी तुकडे प्रत्येक शिंगलच्या ओळीखाली पायऱ्यांसारखे बसवायचे. दुसरा पत्रा विटांमधल्या दरजेत खाच पाडून त्यात रोवायचा आणि पहिल्यावर खाली उतरवायचा. याला फ्लॅशिंग म्हणतात. हे काम वेळखाऊ आहे, त्याला गवंड्याचा हात लागतो. छप्परवाल्यांची टोळी सकाळी सातला येते आणि संध्याकाळपर्यंत घर उरकते. मग होतं असं, की जुना पत्रा तसाच ठेवून किंवा उपटून काढून त्या जागी काळं डांबरी सिमेंट थापलं जातं. पहिल्या वर्षी ते छान चिकटलेलं असतं. उन्हाने ते कडक होतं, थंडीत आकसतं, विटेपासून केसाएवढं सुटतं. तेवढी फट पाण्याला पुरते.

हायलँड पार्कमधल्या एका घरात हे गृहस्थ छपरावर चढले तेव्हा छप्पर जेमतेम तीन वर्षांचं होतं. धुराड्याच्या वरच्या अंगाला डांबराचा हातभर रुंद पट्टा होता. करणीच्या टोकाने त्यांनी तो उचलला, तर अख्खा तुकडा पापुद्र्यासारखा सुटून हातात आला. त्याखालच्या फळीत करणी विनासायास आत गेली. फळीचा भुसा झाला होता, काळा आणि भिजलेला. धुराडं तीस इंचांहून रुंद असेल तर त्याच्या वरच्या अंगाला पाणी दोन्ही बाजूंना वळवणारा छोटासा उंचवटा बांधावा, असं तिथली बांधकाम-संहिता सांगते. हे धुराडं रुंद होतं आणि जुन्या छपराला तसा उंचवटाही होता. मालकांकडच्या घरखरेदीच्या वेळच्या फोटोत तो स्पष्ट दिसत होता. नवं छप्पर घालताना तो कुणीतरी काढून टाकला आणि परत केला नाही. तीन वर्षांचा पाऊस आणि वितळलेला बर्फ विटांच्या पाठीशी साचत राहिला.

इथे एक सरकारी नियमही आडवा येतो. न्यू जर्सीने २०१८ साली एक-दोन कुटुंबांच्या घरांवरचं छपराचं काम साध्या देखभालीच्या यादीत घातलं. त्याला परवाना लागत नाही, त्यामुळे नगरपालिकेचा निरीक्षकही पाहायला येत नाही. कागदपत्रांची कटकट गेली म्हणून घरमालकांना हे बरं वाटतं. पण कामावर तिसऱ्याची नजर पडायची ती एकमेव जागाही त्याबरोबर गेली, हेही खरं.

छप्परवाल्यांच्या हातून होणारा दुसरा प्रकार जास्त भीतिदायक आहे, पण सांगायला सोपा. जुनी शिंगल्स खरवडताना त्यांचे तुकडे, खिळे, विटेचे ढलपे टोपी नसलेल्या धुराड्यात पडतात आणि तळाशी, जिथे बॉयलरचा पाइप आत शिरतो नेमका तिथेच, ढीग होतो. कधी पावसापासून बचाव म्हणून धुराड्यावरून ताडपत्री टाकली जाते आणि खाली पाण्याची टाकी चालू असते. या गृहस्थांनी दोन्ही पाहिलं आहे.

आता स्वयंपाकघराकडे. इथे आपल्या लोकांचा विषय थेट येतो.

एडिसनमधल्या एका तरुण जोडप्याने घराचं पूर्ण नूतनीकरण केलं होतं. सगळ्या खिडक्या नव्या, माळ्यावर फोमचा जाड थर, कुठून वाऱ्याची झुळूक येणार नाही असं घट्ट घर. स्वयंपाकघरात फोडणीचा वास सोफ्याला लागू नये म्हणून मिनिटाला ९०० घनफूट हवा खेचणारा हूड बसवला होता. हिवाळ्याआधी फायरप्लेस एकदा साफ करून घ्यावी म्हणून त्यांनी या गृहस्थांना बोलावलं. मुलाचे आईवडील सहा महिन्यांसाठी पुण्याहून आलेले होते आणि त्यांची खोली तळघरात, पाण्याच्या टाकीच्या भिंतीला लागून होती. काम चालू असताना काकूंनी चहा आणून दिला आणि सहज सांगितलं, “अहो भाऊ, तिसरा आठवडा आहे, पण जेटलॅग काही जात नाही. सकाळभर डोकं जड असतं. ब्रिजवॉटरच्या बालाजीला गेलं की एकदम हलकं वाटतं, घरी आलं की परत तेच.”

घराबाहेर गेल्यावर बरं वाटणारी डोकेदुखी म्हटल्यावर त्यांनी फायरप्लेस बाजूला ठेवली आणि ते तळघरात गेले.

गॅसवर पाणी तापवणाऱ्या टाकीच्या माथ्यावर, धुराचा पाइप सुरू होतो तिथे चहूबाजूंनी एक उघडी फट असते. एरवी तिच्यातून खोलीतली थोडी हवा वर खेचली जाते. टाकीच्या माथ्याशी गार आणि गरम पाण्याच्या नळ्यांभोवती निळ्या-लाल प्लास्टिकची कडी असतात. ती दोन्ही वितळून एका बाजूला ओघळली होती. गरम वायू वर जाण्याऐवजी बाहेर सांडत असल्याची ती खूण. त्यांनी काकूंकडून एक उदबत्ती मागून घेतली. टाकी पेटवली, उदबत्ती त्या फटीशी धरली. धुराची रेघ आत वळली, सगळं ठीक. मग वर ओरडून हूड पूर्ण वेगात लावायला सांगितलं. काही क्षणांत धुराची रेघ थरथरली, उभी राहिली आणि उलटी फिरून त्यांच्या चेहऱ्यावर आली.

घडत होतं ते एवढंच. हूड मिनिटाला ९०० घनफूट हवा बाहेर फेकत होता आणि तेवढी हवा आत यायला घट्ट घरात वाटच उरली नव्हती. उघडं राहिलं होतं ते एकच छिद्र, म्हणजे धुराडं. हवा तिथून उलटी खाली येत होती आणि टाकीचा जळलेला वायू तळघरात ढकलत होती. सकाळी वर पोह्यांची नाहीतर भाजीची फोडणी आणि त्याच वेळी सगळ्यांच्या आंघोळी. हूड आणि टाकी एकाच वेळी चालण्याची वेळ रोज ठरलेली. मीटरने कार्बन मोनॉक्साइड दाखवला. अलार्म कुठे आहे म्हणून विचारलं, तर रंगाऱ्यांनी काढून खोक्यात ठेवलेला सापडला. तो भिंतीवर असता तरीही लगेच वाजला असता असं नाही. हवेच्या दहा लाख भागांत ७० भाग कार्बन मोनॉक्साइड असेल तर प्रमाणित अलार्म वाजायला एक ते चार तास लागू शकतात, आणि त्याच्या बऱ्याच खालच्या पातळीवर तो गप्पच असतो. वयस्कर माणसाला, हृदयविकार असलेल्याला तेवढंही बाधतं.

त्यांनी टाकी बंद केली, सगळ्यांना बाहेर अंगणात बसवलं आणि गॅस कंपनीला फोन केला. कंपनीच्या माणसाने टाकीला लाल चिठ्ठी लावली. पुढे त्या कुटुंबाने बाहेरून हवा घेणारी आणि जळलेला वायू भिंतीतून बाहेर सोडणारी बंदिस्त टाकी बसवली. अमेरिकेतल्या घरबांधणीच्या आदर्श संहितेत मिनिटाला ४०० घनफुटांहून मोठ्या हूडसाठी बाहेरची हवा आत आणण्याची सोय करा, असं कलम आहे. हूड बसवणाऱ्याला ते माहीत नव्हतं, की त्याने खाली काय आहे ते पाहिलंच नाही, हे कळायला मार्ग नाही. खिडकीवाल्याने खिडक्या चोख बसवल्या होत्या, फोमवाल्यानेही फोम चोख मारला होता. तिघांची तीन चोख कामं एकत्र आली आणि एका खोलीत विषारी वायू भरू लागला. हा प्रसंग ते नव्या घरमालकांना नेहमी सांगतात, कारण दोष शोधायला गेलं तर यात एका माणसाकडे बोट दाखवता येत नाही.

बॉयलर बदलण्याचं प्रकरण वेगळं. जुना बॉयलर काढून नव्वद टक्क्यांहून अधिक कार्यक्षमतेचा नवा बसवला की त्याचा धूर प्लास्टिकच्या पाइपने थेट भिंतीतून बाहेर जातो. धुराड्यावर मग एकटी पाण्याची टाकी उरते. तिकडच्या कारागिरांत तिला अनाथ टाकी म्हणतात. दोन उपकरणांच्या मापाने बांधलेल्या, त्यातही घराच्या बाहेरच्या भिंतीला असलेल्या गार धुराड्यात तिचा थोडासा वायू वाटेतच थिजतो. एक लाख बीटीयू गॅस जळला की साधारण चार लिटर पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. ते आम्लयुक्त पाणी मातीच्या नळ्यांच्या सांध्यांतून झिरपत विटांमध्ये जातं. पहिली खूण म्हणजे बाहेरच्या विटांवर पांढरी बुरशीसारखी दिसणारी क्षारांची नक्षी. मग हिवाळा येतो. पाणी गोठताना साधारण नऊ टक्के फुगतं, आणि न्यू जर्सीच्या हिवाळ्यात पारा शून्याच्या वर-खाली पुन्हापुन्हा होत असतो. विटांचे चेहरे पापुद्रे सुटावेत तसे गळायला लागतात.

याला उपाय आहे: धुराड्याच्या आत योग्य मापाचं धातूचं अस्तर सोडणं. न्यू जर्सीत गॅसचं उपकरण बदलताना परवान्यासोबत धुराडं तपासल्याचा एक पडताळणी फॉर्मही भरावा लागतो. म्हणजे नियम आहे, कागद आहे, सहीची जागा आहे. मात्र कित्येकदा ती सही तळघरातूनच होते; छपरावर कुणी चढलेलं नसतं, नळीत कॅमेरा सोडलेला नसतो. बांधकामात बदल झाला किंवा घर विकलं जात असेल तर दुसऱ्या स्तराची, म्हणजे कॅमेऱ्याने आतून करायची तपासणी व्हावी, असं धुराड्यांविषयीचं राष्ट्रीय मानक, एनएफपीए २११, सांगतं. ती मागून घेणं घरमालकाच्या हातात आहे.

दरजा भरण्याविषयी बोलताना हे गृहस्थ जरा हळवे होतात. लहानपणी त्यांच्या गावातल्या जुन्या वाड्याची डागडुजी त्यांनी पाहिली होती. वाडा चुन्याचा, विटा मऊ. कुणीतरी मजबुतीसाठी म्हणून सगळ्या दरजा सिमेंटने भरून घेतल्या आणि काही पावसाळ्यांत सिमेंट जागच्या जागी राहून मधल्या विटाच झिजून आत गेल्या. तेच चित्र त्यांना हायलँड पार्कच्या १९२० च्या दशकातल्या घरांवर दिसलं. जुन्या मऊ विटेला तिच्याहून मऊ चुनाच लागतो. भिंतीतलं पाणी आणि ताण दरजेतून बाहेर पडावेत, दरज झिजावी आणि वीट टिकावी, म्हणून. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान सेवेने जुन्या इमारतींच्या जतनासाठी काढलेल्या पुस्तिकांमध्ये हे स्वच्छ लिहिलं आहे. पण दुकानात तयार पोतं मिळतं ते कडक सिमेंटचं, आणि ग्राहकालाही ‘स्ट्राँग’ हा शब्द आवडतो. कडक दरज भरली, वरून पाणी अडवणारा चकचकीत रंग मारला की आतली ओल कोंडते आणि वीट फुटते. रंग मारलेलं धुराडं दिसलं की विटा किती उरल्या असतील याचा अंदाज ते शिडी चढण्याआधीच बांधतात. धुराड्याला काही लावायचंच असेल तर पाणी परतवणारं आणि तरीही वाफ बाहेर जाऊ देणारं द्रावण लावावं, असा त्यांचा आग्रह असतो.

तळमजला मोकळा करण्याच्या हौसेपायी धुराड्याचा खालचा भाग पाडून वरचा तसाच ठेवलेला त्यांनी पाहिला आहे. माळ्यावरच्या लाकडी तुळयांवर टनावारी विटांचा भार. त्या घरात त्यांनी त्या दिवशी दुसरं कुठलंच काम केलं नाही. आधी टेकू लावले, मग इंजिनिअर बोलावला.

नुकसान सापडल्यावरचा भाग त्यांना नेहमीच जड गेला आहे. घरमालक संतापलेला असतो आणि त्याला यांच्या तोंडून एकच वाक्य हवं असतं: हे त्याच कंत्राटदाराने केलं. सुरुवातीच्या वर्षांत असाच एक वाद लघुवाद न्यायालयात गेला. न्यू जर्सीत तिथे आता ५,००० डॉलरपर्यंतचे दावे चालतात. फुटलेल्या माथ्याचे, उखडलेल्या पत्र्याचे फोटो भरपूर होते. न्यायाधीशांनी विचारलं, काम होण्यापूर्वीचा एखादा फोटो आहे का? नव्हता. धुराडं आधीपासूनच असं होतं, हे कंत्राटदाराचं म्हणणं खोडता आलं नाही आणि दावा गेला. त्या दिवसापासून त्यांची कामाची पद्धत बदलली. अहवालात ते दिसलं तेवढंच लिहितात: कुठे, किती इंच, कशाने झाकलेलं, खाली काय सापडलं. कुणी केलं हा शब्द ते लिहीत नाहीत. आणि ओळखीच्या प्रत्येकाला, अगदी गणपतीच्या आरतीनंतर प्रसादाच्या रांगेतही, ते बजावतात की कुठलंही काम सुरू होण्याआधी धुराड्याचे चारही बाजूंनी तारखेसकट फोटो काढून ठेवा.

५ एप्रिल २०२४ ला ट्यूक्सबरीजवळ ४.८ तीव्रतेचा भूकंप झाला आणि राज्यभर धुराड्यांना तडे गेले का, याची विचारणा सुरू झाली. काही तडे खरंच त्या दिवसाचे होते. पण कित्येक जुन्या तड्यांचं खापरही भूकंपावर फोडलं जाऊ लागलं. ताज्या तड्याची कड स्वच्छ आणि धारदार असते. जुन्या तड्यात काजळी, शेवाळ, कोळ्याचं जाळं सापडतं. अशा वेळी आधीचा फोटो ज्याच्याकडे होता त्याचं काम सोपं झालं. विमा कंपन्या सदोष कामाचं नुकसान सहसा भरून देत नाहीत, त्यामुळे भरपाई मिळवायची ती कंत्राटदाराकडूनच.

आणि कायदा घरमालकाच्या बाजूने बराच आहे. घरदुरुस्तीच्या कंत्राटदाराने राज्याच्या ग्राहक विभागाकडे नोंदणी केलेली असावी लागते, त्याच्याकडे दायित्व विमा असावा लागतो, ५०० डॉलरच्या वरचं काम लेखी कराराशिवाय करता येत नाही, आणि करार झाल्यावर तीन कामकाजी दिवसांत तो रद्द करता येतो. ग्राहक फसवणूकविरोधी कायद्यात नुकसानीच्या तिप्पट भरपाईची तरतूद आहे. हे सगळं वाचून कंत्राटदाराशी पहिल्याच भेटीत भांडायला जाऊ नये, असं हे गृहस्थ सांगतात. अहवाल आणि फोटो पाठवून दुरुस्तीची एक संधी देणारं साधं पत्र लिहावं. बरेच जण येतात आणि करून देतात. एक छप्परवाला तर असा आहे, की नव्या घराचं काम घेतलं की आधी यांना फोन करतो, धुराड्याचा पत्रा यांच्याकडून बसवून घेतो आणि मगच शिंगल्स लावतो. त्याचं कोटेशन इतरांपेक्षा जास्त असतं आणि त्याची कामं यांच्याकडे दुरुस्तीला येत नाहीत.

या उन्हाळ्यात ज्यांच्या घराचं छप्पर, खिडक्या किंवा बॉयलर बदलायचा असेल त्यांनी करारात धुराड्याचं फ्लॅशिंग नवं, पत्र्याचं आणि दरजेत रोवलेलं असेल, ही ओळ लिहून घ्यावी. काम चालू असताना गॅसवरची पाण्याची टाकी बंद ठेवावी, आणि काम संपल्यावर ती चालू करण्याआधी धुराडं कॅमेऱ्याने पाहून घ्यावं. हूड पूर्ण वेगात लावून टाकीशी उदबत्ती धरून पाहायला पाच मिनिटंही लागत नाहीत. आणि रंगाऱ्यांनी काढलेला अलार्म त्याच संध्याकाळी परत भिंतीवर लावावा. त्याच्या पाठीमागे छापलेली मुदत संपली असेल तर नवा आणावा.